किडीचे जवळून छायाचित्र : साध्या साधनांनी कसे घ्यावे

पिकावरील कीड अथवा रोग अचूक ओळखणे हे पीकसंरक्षणाचे पहिले पाऊल होय. ओळख चुकली तर पुढील सारे श्रम व खर्च वाया जातात. सोयाबीनचे पान पिवळे दिसले म्हणून कीटकनाशक फवारले, आणि मूळ कारण जमिनीतील लोहाची कमतरता निघाले, तर पैसा गेला, औषधही गेले आणि पीक जसेच्या तसे पिवळे राहिले. शिवाय प्रत्येक अनावश्यक फवारणी ही फवारणाऱ्याच्या शरीरास धोकाच असते. सन २०१७ मध्ये हिंगोलीच्या शेजारील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले, ही घटना सर्वांच्या स्मरणात आहे. जी फवारणी टाळता येण्यासारखी आहे ती टाळणे हे म्हणूनच केवळ काटकसरीचे काम नव्हे.

कीटकशास्त्रज्ञ प्रत्येक शेतावर येऊ शकत नाही. मात्र शेतातील कीड चित्ररूपाने त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. आज बहुतेक घरी मोबाइल फोन आहे. सन २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे शेतात उभे राहून पिकाचे चित्र घेण्याची सवयही पुष्कळांना झाली आहे. परंतु उभ्या पिकाचे चित्र आणि दोन मिलिमीटरच्या किडीचे चित्र यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारचे चित्र पुष्कळदा धूसर येते आणि त्यावरून तज्ज्ञास काहीच सांगता येत नाही. हे चित्र रेखीव व उपयुक्त कसे घ्यावे, हे या पाठात सांगितले आहे.

चित्रावरून कीड ओळखण्याची पद्धत नवी नाही. बिहारमधील पुसा येथील कृषि संशोधन संस्थेत काम करणारे कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा भारतीय कीटकांवरील मोठा ग्रंथ सन १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील रंगीत चित्रफलक हाताने काढलेल्या चित्रांवरून छापलेले होते. एकेका किडीच्या चित्रासाठी तेव्हा कुशल चित्रकाराचे अनेक दिवस खर्ची पडत. तेच काम आता शेतकऱ्याच्या हातातील साधन क्षणार्धात करू शकते. चित्रकार मात्र किडीची नेमकी खूण कोठे आहे हे प्रथम पाहत असे व नंतर कुंचला उचलत असे. ती पाहण्याची शिस्त आपणही अंगी बाणविली पाहिजे.

लागणारी साधने

खर्चिक कॅमेऱ्याची आवश्यकता नाही. पुढील वस्तू एका पिशवीत ठेवाव्यात :

(१) मोबाइल फोन आणि त्याचे भिंग पुसण्यासाठी मऊ, स्वच्छ सुती कापड. घामाचा वा तेलकट बोटाचा डाग भिंगावर असल्यास चित्र हटकून धूसर येते.
(२) सराफ अथवा घड्याळजी वापरतात तसे दहा पट मोठे दाखविणारे हातभिंग, किंवा मोबाइलला चिमट्याने लावावयाचे बाजारी भिंग.
(३) मिलिमीटरच्या खुणा असलेली शाळकरी मुलांची फूटपट्टी.
(४) पांढरा जाड कागद व काळी पाटी.
(५) छत्री.
(६) हातभर लांबीची वेळूची काठी व कपडे वाळत घालण्याचे दोन चिमटे.
(७) खोड चिरण्यासाठी लहान चाकू.
(८) वही व पेन्सिल.

भिंग कसे काम करते

डोळ्याच्या अगदी जवळ बोट आणले तर ते अस्पष्ट दिसते. मोबाइलच्या भिंगाचेही तसेच आहे. बहुतेक फोनांचे मुख्य भिंग आठ-दहा सेंटिमीटरपेक्षा जवळची वस्तू रेखीव दाखवू शकत नाही. अधिक जवळ गेल्यास चित्र मोठे होते, परंतु धूसर होते. यास्तव भिंगाविना चित्र घ्यावयाचे असेल तर फोन किडीपासून दहा ते पंधरा सेंटिमीटरवर, म्हणजे सुमारे वीतभरापेक्षा थोडा कमी अंतरावर धरावा आणि नंतर चित्राचा हवा तेवढाच भाग कापून घ्यावा. पडद्यावर दोन बोटांनी फार मोठे करून चित्र घेण्यात लाभ नाही. त्याने पुष्कळदा तोच तपशील केवळ ताणला जातो, नवीन तपशील मिळत नाही.

काही स्वस्त फोनांत जवळच्या चित्रासाठी ‘मॅक्रो’ नावाचे वेगळे भिंग दिलेले असते. त्याची क्षमता पुष्कळदा दोन मेगापिक्सेल एवढीच असते. दोन्ही भिंगांनी एकच पान टिपून पाहावे व ज्यात शिरा स्पष्ट दिसतील तेच पुढे वापरावे.

सोयाबीनचा चक्री भुंगा, कपाशीची बोंडअळी किंवा मक्यावरील लष्करी अळी यांच्यासाठी साधा फोन पुरतो. पांढरी माशी व फुलकिडे मात्र सुमारे एक-दीड मिलिमीटरचेच असतात. त्यांच्यासाठी जोडभिंग लागते. दहा पटीच्या हातभिंगाचे केंद्रांतर २५ मिलिमीटर असते. ते फोनच्या भिंगास अगदी चिकटवून धरले की कीड भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर असतानाच रेखीव दिसते. त्याहून जवळ वा दूर ती दिसत नाही. शिवाय रेखीव दिसणाऱ्या भागाची खोली अशा वेळी एखाद्या मिलिमीटरहूनही कमी असते. त्यामुळे किडीचे डोके रेखीव आले तर शेपूट धूसर येते. उपाय एवढाच की, किडीचे अंग भिंगासमोर आडवे, म्हणजे भिंगास समांतर येईल असे पाहावे.

वेळ, प्रकाश व वारा

चित्र घेण्यास सकाळची वेळ सर्वोत्तम. रात्रीच्या गारव्याने कीटकांचे अंग जड झालेले असते व ते चटकन उडत नाहीत. वाराही बहुधा पडलेला असतो. दुपारच्या कडक उन्हात पानाची चकाकी व गडद सावल्या यांमुळे खुणा झाकल्या जातात. अशा वेळी छत्री उघडून पिकावर सावली करावी आणि उजेड कमी वाटल्यास पांढरा कागद दुसऱ्या बाजूने धरून त्यावरून उजेड किडीवर पाडावा. पावसाळ्यातील ढगाळ आकाश चित्रास अनुकूल असते, कारण त्याचा प्रकाश सर्व बाजूंनी सारखा येतो. फोनची बत्ती शक्यतो लावू नये. ती जवळच्या वस्तूचा रंग उडविते.

जवळच्या चित्रात वाऱ्याची लहानशी झुळूकही मोठा व्यत्यय आणते. झाडाशेजारी वेळूची काठी रोवून फांदी चिमट्याने तिला अलगद अडकवावी. पान तोडून घरी नेण्यापेक्षा हे बरे, कारण कीड तिच्या जागी व तिच्या स्वाभाविक स्थितीत राहते.

चित्र घेण्याची रीत

प्रथम डोळ्यांनी पाहावे, नंतर हातभिंगाने पाहावे आणि शेवटी फोन उचलावा. एक गुडघा टेकून बसावे, दोन्ही कोपरे अंगाशी अथवा गुडघ्यावर टेकवावीत. पडद्यावर जेथे कीड दिसते तेथेच बोटाने स्पर्श करावा, म्हणजे फोन मागील मातीऐवजी किडीस रेखीव करतो. पुष्कळ फोनांत बोट क्षणभर दाबून धरले की ही योजना कायम राहते. मग संपूर्ण फोनच अगदी सावकाश पुढे-मागे न्यावा आणि किडीचे अंग रेखीव दिसताच श्वास रोखून चित्र घ्यावे. एकावर विसंबू नये. पाच-सहा चित्रे घेऊन त्यांतील उत्तम एक ठेवावे व इतर पुसून टाकावीत.

पिठ्या ढेकूण, पांढरी माशी यांसारख्या पांढऱ्या किडी चित्रात केवळ पांढरा ठिपका म्हणून उमटतात. त्यांच्या वेळी पडद्यावरील उजेडाची खूण बोटाने खाली ओढून चित्र किंचित काळसर करावे. मागे काळी पाटी धरल्यास पांढरी कीड उठून दिसते आणि पांढरा कागद धरल्यास काळी. रंग उजळविणारी वा चित्र नटविणारी सोय मात्र बंद ठेवावी. रोगाचे निदान पुष्कळदा रंगाच्या छटेवरच अवलंबून असते.

तीन चित्रांचा नियम

किडीचे एकच चित्र, कितीही सुंदर असले तरी, निदानास अपुरे असते. प्रत्येक वेळी किमान तीन चित्रे घ्यावीत :

पहिले, शेताचे. नुकसान सर्वत्र आहे, बांधाच्या कडेने आहे की पाणी साचणाऱ्या खोलगट जागी आहे, हे त्यातून कळते.
दुसरे, संपूर्ण झाडाचे. लक्षण शेंड्यावर आहे, जुन्या पानांवर आहे की एकाच फांदीवर आहे, हे त्यातून कळते.
तिसरे, किडीचे वा डागाचे जवळून. त्यात फूटपट्टी किडीशेजारी, तिच्याच पातळीत धरलेली असावी.

मापासाठी नाणे ठेवण्याची पद्धत आहे, परंतु ते फसवे ठरू शकते. सन २०११ च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे २२ मिलिमीटर व्यासाचे, तर सन २०१९ च्या मालिकेतील २० मिलिमीटरचे आहे. फूटपट्टी सर्वत्र सारखीच असते.

कोणत्या पिकात काय दाखवावे

सन १९९९ च्या १ मे रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे पाच तालुके आहेत. येथील मुख्य पिकांत पुढील खुणा टिपाव्यात.

सोयाबीन : शेंडा अथवा पान सुकून लोंबू लागले की दोन संशयित असतात, चक्री भुंगा व खोडमाशी. दुरून घेतलेल्या चित्रात दोन्हींचे नुकसान सारखेच दिसते. चक्री भुंग्याची मादी देठावर वा खोडावर एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन गोल खाचा करते व त्यांच्यामध्ये अंडी घालते. या दोन खाचा बाजूने, फूटपट्टीसह टिपाव्यात. खाचा आढळल्यास तेवढा भाग खालच्या खाचेखाली तोडून नष्ट करता येतो. खाचा नसतील तर खोड उभे चिरावे. आत तांबूस पोकळ नागमोडी मार्ग व बारीक अळी अथवा कोष आढळल्यास ती खोडमाशी समजावी. चिरलेल्या खोडाचे चित्र त्वरित घ्यावे, कारण कापलेला भाग थोड्याच वेळात काळवंडतो.

पानांच्या पिवळेपणाबाबत विशेष दक्षता घ्यावी. सन २०२३ च्या खरिपात मराठवाडा व विदर्भात सोयाबीनवर पिवळ्या मोझॅक रोगाचा मोठा उपद्रव झाला. या विषाणूरोगात हिरव्या पानावर पिवळे धब्बे अनियमित विखुरलेले असतात आणि त्याचा प्रसार पांढरी माशी करते. लोहाच्या कमतरतेत मात्र कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून शिरांमधील भाग सारखा पिवळा पडतो. चुनखडीच्या काळ्या जमिनीत व पाणी साचलेल्या जागी हे लक्षण नेहमी आढळते. दोहोंतील भेद दाखविण्यासाठी पान आकाशाकडे धरून उजेड मागून येईल असे चित्र घ्यावे. शिरांचे जाळे त्यात स्पष्ट उमटते. दुसरे चित्र पानाच्या मागील बाजूचे घ्यावे, म्हणजे पांढरी माशी आहे की नाही हे कळते.

कपाशी : गुलाबी बोंडअळीने ग्रासलेले फूल पूर्ण उमलत नाही, त्याच्या पाकळ्या एकत्र गुंडाळलेल्या राहतात. यासच डोमकळी म्हणतात. प्रथम डोमकळी जशी आहे तशी, नंतर पाकळ्या सोडवून आतील अळी, अशी दोन चित्रे घ्यावीत. हिरव्या बोंडात अळी शिरल्यावर तिचे छिद्र बुजून जाते. त्यामुळे बाहेरून निरोगी दिसणारे बोंड फोडूनच पाहावे लागते. लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग पुढे येतो. केवळ रंगावरून ‘ही बोंडअळी नव्हे’ असे म्हणू नये.

हळद : वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकन लाभले आहे, त्यामुळे या पिकाची राखण विशेष महत्त्वाची आहे. पानावरील डाग दोन प्रकारचे असतात. एका रोगात लांबट गोल डाग, त्यांचा मध्यभाग राखी, कडा तपकिरी व भोवती पिवळे वलय असते. दुसऱ्यात बारीक, असंख्य, चौकोनी ठिपके पानाच्या दोन्ही बाजूंस दिसतात. म्हणून दोन्ही बाजूंचे चित्र अवश्य घ्यावे. शेंडा वाळून पोंगा सहज ओढून निघत असेल तर झाड हळुवार उकरून कंद धुवावा, आडवा कापावा व आतील सड व अळ्या टिपाव्यात. जमिनीवरील पानाचे चित्र कंदाची व्यथा सांगू शकत नाही.

मका : अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम सन २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यात नोंदविली गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. तिच्या दोन खुणा आहेत. डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी फिकट रेघ, आणि शेवटून दुसऱ्या खंडावर चौकोनात मांडल्यासारखे चार काळे ठिपके. पोंग्यातून अळी कागदावर घेऊन डोके व मागील भाग यांची वेगवेगळी चित्रे घ्यावीत. पोंग्यातील भुशासारखी विष्ठाही टिपावी.

मित्रकीटक : ढालकिड्याची अळी काळसर, लांबट, नारिंगी ठिपक्यांची व सहा पायांची असते. तिचे रूप मगरीसारखे उग्र दिसते म्हणून ती पुष्कळदा शत्रू समजून मारली जाते. वस्तुतः ती मावा खाऊन पिकाची सेवा करते. क्रायसोपाची अंडी केसासारख्या बारीक देठांच्या टोकाशी लावलेली असतात व अनोळखी माणसास ती बुरशी वाटते. म्हणून नियम असा ठेवावा की, अनोळखी कीड आधी टिपावी, ओळख पटल्यावरच तिचे काय करावयाचे ते ठरवावे.

चित्र पाठविताना

चित्रासोबत पुढील माहिती नसेल तर उत्तर अर्धवट मिळते : गाव व तालुका, पीक व वाण, पेरणीची तारीख, चित्र घेतल्याचा दिनांक, झाडाचा कोणता भाग, आजवर कोणती फवारणी केव्हा झाली. ही माहिती वहीत लिहून त्या पानाचेही एक चित्र काढावे, म्हणजे चित्रांची सरमिसळ होत नाही.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र लहान होऊन पोहोचते व बारीक खुणा नाहीशा होतात. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ आकारात जाते. दुसऱ्या गावाहून आलेले, दिनांक नसलेले चित्र आपल्या गटात पुढे ढकलू नये. त्याने भीती पसरते आणि भीतीपोटी फवारणी होते.

ओळख पटविण्यासाठी परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्र व तालुका कृषी कार्यालय यांचे साहाय्य घ्यावे. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालीतही मोबाइलवरील चित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे. यंत्राचे उत्तरही चित्राच्या गुणावरच अवलंबून असते. धूसर चित्रास कोणीही नेमके उत्तर देऊ शकत नाही, मग तो तज्ज्ञ असो वा यंत्र.

चित्राची मर्यादा

चित्र ‘कोण’ हे सांगते. ‘किती’ हे मोजूनच कळते. फवारणीचा निर्णय या दोहोंवर मिळून घ्यावयाचा असतो. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत सलग तीन रात्री प्रत्येक कामगंध सापळ्यात आठ वा अधिक पतंग, अथवा दहा टक्के फुले वा बोंडे किडलेली, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. जवळून घेतलेल्या चित्रात एकच अळी संपूर्ण पडदा व्यापते व ती पाहून मन घाबरते, पण शेतात तशा किती आहेत हे चित्र सांगत नाही. यास्तव शेतात तिरकस चालत जाऊन निरनिराळ्या ठिकाणची वीस झाडे पाहावीत आणि त्यांपैकी किती ग्रासलेली होती हा आकडा चित्रासोबत कळवावा.

दुसरी दक्षता आरोग्याची. नुकत्याच फवारलेल्या शेतात चित्र घेण्यासाठी जाऊ नये. औषधाच्या वेष्टनावर सांगितलेला काळ जाऊ द्यावा. पान हाताळल्यावर फोन व तोंड यांस हात लावण्यापूर्वी ते साबणाने धुवावेत.

गावी करावयाचा सराव

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने आठ-दहा शेतकरी बंधू-भगिनींना सकाळी एकाच शेतात जमवावे. शेताच्या मालकाची अनुमती आधी घ्यावी. प्रत्येकाने एक ग्रासलेले झाड निवडून तीन चित्रे घ्यावीत व माहिती वहीत लिहावी. नंतर झाडाखाली बसून चित्रे एकमेकांस दाखवावीत. झाड प्रत्यक्ष न पाहिलेल्या शेजाऱ्याला केवळ त्या चित्रांवरून किडीचा आकार, तिची जागा व नुकसानीचा प्रकार सांगता आला, तर चित्र साधले असे समजावे. न सांगता आल्यास काय उणे राहिले ते विचारून त्याच झाडाचे चित्र पुन्हा घ्यावे. हाच सराव पंधरा दिवसांनी त्याच शेतात केला तर पीक व कीड यांची वाढही चित्रांतून नोंदली जाते आणि पुढील वर्षी तीच नोंद गावाची स्वतःची कीड-पंजिका ठरते.

औषधाच्या दुकानात ‘पाने पिवळी पडली, काहीतरी द्या’ असे म्हणणारा शेतकरी दुसऱ्याच्या अंदाजावर आपला पैसा लावतो. तीन रेखीव चित्रे व एक मोजलेला आकडा घेऊन प्रथम तज्ज्ञाकडे जाणारा शेतकरी नेमके काय हवे आणि काय नको हे जाणून दुकानाची पायरी चढतो. पुष्कळदा त्याला ती पायरी चढण्याची आवश्यकताही उरत नाही.